बिऱ्हाड पाठीवर : खानदेशच्या वाटेवरील तंबू

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण मराठींत आहे. मनुष्याचें मात्र तसें नाहीं. घर सोडून चार दिवस उघड्यावर राहावयाचें म्हटलें, कीं त्याला आपलें बिऱ्हाड बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर द्यावें लागतें : बैलाच्या, उंटाच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या. जळगांव-धुळ्याकडचें एखादें कुटुंब आज सुटींत मुलांबाळांसह तोरणमाळाकडे जाण्याचें ठरवितें आणि दुकानांत तंबू पाहावयास जातें. माणसें किती मावतील, पाऊस आंत येईल काय, वाऱ्यास टिकेल काय, असे प्रश्न तेथें विचारले जातात. ते योग्यच आहेत. परंतु ज्या प्रदेशांत हें कुटुंब राहतें, त्या खानदेशच्या वाटांवर तीनशें वर्षें तंबू निवडतांना या सर्वांच्या आधींचा एक प्रश्न असे : हा वाहणार कोण? या प्रश्नास कोणीं काय उत्तर दिलें, यावर पुष्कळांचें सुख आणि त्याहून पुष्कळांचें दुःख अवलंबून राहिलें.

खानदेश म्हणजे तापीचें खोरें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि पश्चिमेस सह्याद्रीचा शेवट. सुरतेच्या बंदरांतून उत्तर हिंदुस्थानांत जाणारा एक मोठा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडें, रावेर या गांवांवरून बऱ्हाणपुरास जाई. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशांत आहे. मोगलांच्या काळीं तें खानदेश सुभ्याचें मुख्य ठिकाण होतें. त्यामुळें व्यापारी, वकील, फौजा आणि बादशहा या सर्वांचे मुक्काम या खोऱ्यांत पडले, आणि मुक्कामाबरोबर तंबूचे नानाविध प्रकार येथें दिसले. मराठी भाषेनें त्यांची नांवें जपून ठेविलीं आहेत. मोठ्या सरदाराचा तो डेरा. चारी बाजूंस कापडाची भिंत उभारली कीं ती कनात. नुसतें छत ताणलें कीं शामियाना. मध्यम प्रतीची ती राहुटी. आणि एका आडव्या काठीवर घोंगडी टाकून दोन्ही कडा जमिनीशीं खिळविल्या कीं तें पाल. या नांवांचा क्रम वरून खालीं लाविला, तर तो ओझ्याचाही क्रम होतो आणि समाजांतील पायऱ्यांचाही होतो.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ च्या नोव्हेंबरांत याच रस्त्यानें बऱ्हाणपुरास आला. शहराच्या कोतवालानें त्याला सराईंत जागा दिली. भिंतींत बांधलेल्या, वरून गोल, विटांच्या अशा त्या चार कोठड्या होत्या. त्या पाहून रोला भटारखान्याच्या भट्ट्यांची आठवण झाली, आणि त्यानें आपला मुक्काम आपल्याच तंबूंत केला. पुढें त्याच शहरांत त्याला तापानें गांठलें. परक्या मुलखांत आलेल्या या मनुष्याला विटांच्या घरापेक्षां कापडाचें घर बरें वाटलें, यांत नवल नाहीं. खानदेशच्या हवेंत वारा खेळता राहणें ही निवाऱ्याची पहिली गरज आहे. पण हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे, कीं रोजवळ तंबू होता आणि तो वाहणारीं जनावरें व माणसेंही होतीं. ज्या वाटसरूजवळ हीं नव्हतीं, त्याला तीच भट्टी गोड मानून घ्यावी लागे.

रोनें पुढच्या वर्षीं अजमेराहून निघालेल्या जहांगीर बादशहाचा तळ पाहिला. त्याचा घेर त्याला सुमारें वीस मैलांचा वाटला, आणि एवढी कापडाची नगरी चार तासांत उभी झालेली पाहून तो थक्क झाला. या नगरीचा हिशेब अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत लिहून ठेविला आहे. अकबराच्या एका मुक्कामाचें सामान वाहण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. शिवाय तंबू ठोकणारे १,००० फरास, ५०० बेलदार, १०० भिस्ती आणि ५० सुतार वेगळेच. त्या तंबूंच्या यादींत दहा खांबांवर उभारावयाच्या लांकडी ‘रावटी’चेंही नांव आहे, मराठींतील राहुटीचें हें जुनें नातलग. हाच अकबर अशीरगडाच्या वेढ्याच्या निमित्तानें १६०० सालीं खानदेशांत आला, आणि १६०१ च्या आरंभीं तो किल्ला पडून खानदेश मोगली राज्यांत गेला.

बादशहाजवळ असे दोन संच असत. एक संच आजच्या मुक्कामावर उभा असतांना दुसरा उद्याच्या मुक्कामाकडे पुढें चालूं लागे. त्यास पेशखाना म्हणत. औरंगजेबाच्या काळीं बर्निए या फ्रेंच वैद्यानें या पेशखान्याची मोजणी दिली आहे : साठांहून अधिक हत्ती, दोनशें उंट, शंभर खेंचरें आणि शंभर मजूर. बाहेरून लाल रंग आणि आंतून मच्छलीपट्टणचें फुलांचें छीट, असें त्या डेऱ्यांचें रूप होतें. वैभव खरें, पण या संबंध व्यवस्थेचा हेतु एवढाच, कीं बादशाही कुटुंबास प्रवासाची जाणीवच होऊं नये. काल रात्रीं जसें घर होतें, तसेंच आज रात्रीं असावें. कुटुंबासाठीं तंबू निवडणाऱ्या प्रत्येकाच्या मनांत थोड्याबहुत प्रमाणांत हीच इच्छा असते. तिची किंमत किती होते, तें खानदेशनें १६३० सालीं पाहिलें.

त्या वर्षीं शहाजहान बादशहा दक्षिणेच्या मोहिमेसाठीं कुटुंबासह बऱ्हाणपुरास येऊन राहिला. त्याच सुमारास गुजराथ, खानदेश आणि दख्खन या प्रदेशांवर एक भयंकर दुष्काळ कोसळला. पावसानें दगा दिला आणि पुढें महापुरानें उरलेलें नेलें. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी १६३० च्या नोव्हेंबरांत सुरतेहून निघाला. सुरतेपासून नंदुरबारापर्यंतचा सारा रस्ता मृतांनीं भरलेला होता. गांवाजवळ तर प्रेतांनीं वाट अर्धी अडलेली असे, असें त्यानें लिहिलें आहे. बऱ्हाणपुरांत मात्र त्याला बाजार भरलेला आढळला, कारण बादशहाच्या लष्करासाठीं वंजारी तेथें धान्य आणीत होते. याचा अर्थ उघड आहे. तळ जेथें पडतो, तेथें धान्य ओढलें जातें. आणि ज्या बैलांच्या पाठीवर दुष्काळी गांवांचें धान्य जावयाचें, त्याच बैलांच्या पाठीवर तळाचें धान्य जातें. बादशाही कुटुंबासही नियतीनें सोडलें नाहीं. १६३१ च्या जूनमध्यें मुमताज महल बऱ्हाणपुरासच बाळंतपणांत वारली, आणि तापीपलीकडे झैनाबादेस तिला तात्पुरतें पुरण्यांत आलें. जिच्यासाठीं पुढें आग्र्यास संगमरवराचें चिरंतन घर उभें राहिलें, तिचें वैवाहिक आयुष्य मोहिमांच्या मागून, मुक्कामामागून मुक्काम करण्यांत गेलें होतें.

ज्यांनीं हें धान्य वाहिलें, त्यांच्याही बरोबर कुटुंबें होतीं. मंडीला पुढें १६३२ सालीं उत्तरेंत १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. बायकामुलें आणि सर्व संसार बरोबर. एका तांड्यांत अनेक कुटुंबें. दिवसाची मजल सहा-सात मैलांहून अधिक नाहीं, तीही थंड वेळेला. मग बैल मोकळे सोडून चारावयाचे. बैलावरून उतरविलेल्या गोण्यांची थप्पी रचली, कीं तीच भिंत होई, आणि वर कापड टाकलें कीं छप्पर. निवाऱ्यासाठीं निराळें ओझें असें फारसें नसेच. जें पोट भरण्यासाठीं वाहावयाचें, त्याचाच रात्रीं आसरा. बादशहाच्या पेशखान्याचें आणि वंजाऱ्याच्या गोण्यांचें काम एकच होतें. एकास त्यासाठीं साठ हत्ती लागत, दुसऱ्यास एकही अधिक बैल लागत नसे.

मराठी राज्याच्या आरंभीं हा प्रश्न फार कडकपणें सोडविण्यांत आला. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत शिवाजी महाराजांच्या लष्करी शिस्तीचें वर्णन आहे. दसऱ्यानंतर फौजेनें आठ महिने बाहेर राहावें, पावसाळ्याचे चार महिने छावणीस परतावें, आणि मोहिमेंत स्त्रिया बरोबर नसाव्यात, असा तो नियम होता. कुटुंबासाठीं तंबू निवडण्याचा प्रश्न महाराजांनीं कुटुंब घरीं ठेवून मिटविला, असें म्हणावयास हरकत नाहीं. या हलकेपणाचा प्रत्यय खानदेशास वारंवार आला. १६८१ च्या जानेवारीच्या शेवटीं संभाजी महाराजांच्या फौजेनें अकस्मात बऱ्हाणपूर गांठलें, तीन दिवस तेथील संपन्न पुरे लुटले, आणि मोगल सुभेदार पोहोंचण्यापूर्वीं ती निघूनही गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत औरंगजेब आपला अवाढव्य तळ घेऊन त्याच शहरीं आला. एकाच गांवीं, एकाच वर्षीं, दोन प्रकारचे पाहुणे! पहिल्यांच्या सामानांत डेऱ्यांस जागा नव्हती. दुसऱ्याच्या डेऱ्यांतून दरबार, जनानखाना आणि बाजार चालत होता. पुढील पंचवीस वर्षें हा दुसरा तळ दक्षिणेंत फिरत राहिला आणि बादशहाचा अंतही १७०७ सालीं दक्षिणेंतच, अहमदनगराजवळ झाला.

राज्य वाढलें तशी मराठ्यांचीही रीति बदलली. १७६० च्या मार्चांत सदाशिवरावभाऊ पटदुराहून उत्तरेकडे निघाले आणि एप्रिलांत बऱ्हाणपुरावरून नर्मदेकडे गेले. बरोबर त्यांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. अनेकांच्या घरच्या स्त्रिया आणि तीर्थयात्रेच्या आशेनें निघालेलीं बिनलढाऊ माणसेंही होतीं. या फौजेच्या थाटाचें वर्णन ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत केलें आहे : रेशीम आणि बनात यांचें अस्तर लाविलेले उंच डेरे, दुरून चमकणारे सोनेरी कळस, आणि प्रत्येक मोठ्या सरदाराच्या डेऱ्यांभोंवतीं रंगीबेरंगी कनाती. पानिपतच्या पराभवास कारणें अनेक आहेत आणि तीं सर्व तंबूवर लादणें हा अन्याय होईल. तथापि उपासमारींत अडकलेल्या त्या तळांत जीं हजारों बिनलढाऊ माणसें होतीं, त्यांचें रक्षण हीच शेवटच्या दिवसांतील मोठी अडचण झाली, हें नाकारतां येत नाहीं. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळीं त्या रेशमी डेऱ्यांचा कोणासही उपयोग नव्हता. पार्वतीबाई दक्षिणेस परतल्या. पुष्कळ कुटुंबें परतलीं नाहींत.

सरदारांच्या कनातीबाहेर, सामान्य माणसाचें कुटुंब छावणींत कसें राही? याचें उत्तर अर्ध्या शतकानंतरच्या एका पुस्तकांत मिळतें. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या फिरत्या छावणीबरोबर होता. त्याचीं पत्रें १८१३ सालीं छापलीं गेलीं. छावणीच्या बाजारांतील दुकानदारांचें पाल त्यानें पाहिलें. एका बांबूवर ताणलेली जाडीभरडी घोंगडी, टोकांस लांकडी खुंट्या. त्याच्याखालीं दुकान, चूल, बायको, मुलें; आणि हें चार दिवस नव्हे, तर वर्षभर, कित्येकांच्या बाबतींत जन्मभर. इंग्रज अधिकाऱ्यास तें दृश्य दीनवाणें वाटलें, आणि तें होतेंही. परंतु मराठी छावणी वर्षानुवर्षें उभी राहिली, ती रेशमी डेऱ्यांच्या जोरावर नव्हे, या पालांच्या जोरावर. पालांतील माणसानें दाणा विकला नसता, तर डेऱ्यांतील घोड्यास चंदी मिळाली नसती.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला. जॉन ब्रिग्ज याजकडे त्याचा कारभार आला आणि धुळें हें जिल्ह्याचें ठाणें झालें. बादशाही तळ गेला. त्याच्या जागीं साहेबाचा तळ आला. पावसाळा संपला, कीं कलेक्टर आणि त्याचे सहाय्यक दौऱ्यावर निघत. गांवाबाहेरच्या आमराईंत तंबू पडत; तेथेंच कचेरी, तेथेंच न्याय, तेथेंच जमाबंदी. पुष्कळदां मडमसाहेब आणि मुलेंही बरोबर असत. मोगली पेशखान्याची युक्ति येथेंही टिकली : एक तंबू रात्रींच पुढच्या गांवीं रवाना व्हावयाचा, म्हणजे सकाळीं साहेब घोड्यावरून पोहोंचतांच न्याहारी तयार.

या काळांत तंबूचें शास्त्र मात्र पुष्कळ पुढें गेलें, आणि त्यांतील धडे खानदेशच्या हवेस आजही लागू आहेत. येथल्या उन्हांत एकेरी छत म्हणजे तापलेला तवा. म्हणून दुहेरी छताचा तंबू रूढ झाला. बाहेरचें कापड ऊन घेतें, आणि दोहोंच्या मधल्या पोकळींतून वारा वाहत राहिल्यानें आंतलें कापड तापत नाहीं. दुसरा धडा काळ्या जमिनीचा. ही कपाशीची माती पावसांत फुगून लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यांत तडकून तिला भेगा पडतात. दोन्ही वेळां आखूड मेख उपटून येते. मेख लांब हवी, तिरपी ठोकलेली हवी, आणि जागा शक्य तों मुरमाड उंचवट्याची हवी. तिसरा धडा दोऱ्यांचा. सुताचा किंवा तागाचा तणावा भिजला कीं आखडतो. रात्रीं पाऊस येणार असें दिसल्यास तणावे थोडे सैल करावे लागतात, नाहीं तर ते मेखा उपटतात किंवा कापड फाडतात. चौथा कापडाचा. सुती कापड भिजलें कीं त्याचे धागे फुगून छिद्रें बुजतात आणि पाणी बाहेरच राहतें. पण आंतून कोणीं बोट लाविलें, कीं तेथूनच ठिबकूं लागतें. छावणींत वाढलेल्या मुलांस ही गोष्ट निराळी शिकवावी लागत नसे.

आणि पांचवा धडा पुन्हां ओझ्याचाच. हिंदुस्थानांतील सरकारी तंबूंस नांव मिळालें तें त्यांच्या वजनावरून : ४० रत्तली, ८० रत्तली, १८० रत्तली. खेंचराचें ठरीव ओझें सुमारें १६० रत्तल, म्हणजे दोन मण. उंटाचें सुमारें ४०० रत्तल. म्हणजे ८० रत्तली दोन तंबू एका खेंचराच्या दोन बाजूंस बरोबर बसत. किती माणसें झोंपतील यापेक्षां कोणाच्या पाठीवर जाईल, हें नांवांतच सांगण्याची ही रीति मोठी प्रामाणिक होती.

तिच्यांत एक पाठ मात्र मोजलेली नव्हती. साहेबाच्या तळासाठीं गांवोगांवच्या गाड्या धरल्या जात. कुणब्याचा हंगाम असो वा नसो, बैल जुंपून निघावें लागे. सरपण, गवत, पाणी आणणें, तंबू उतरविणें, पहारा करणें, हीं कामें गांवच्या वतनदार महारांकडे आणि इतर हलक्या मानलेल्या गांवकामगारांकडे येत. वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्यावर सारें कुटुंब सरकारी कामास बांधलेलें असे. बाप आजारी तर मुलानें जावयाचें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती करणारें विधेयक आणलें, तें याच बंधनाविरुद्ध. त्या विधेयकास तेव्हां यश आलें नाहीं. कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा कायदा मुंबई राज्यांत १९५८ सालीं झाला. आमराईंतल्या त्या टापटिपीच्या तंबूंत एक कुटुंब सुखानें निजत असे, तेव्हां दुसरें एक कुटुंब त्याच्या मेखांशीं बांधलेलें असे.

याच खानदेशांत १९३६ सालीं निवाऱ्याचा एक निराळा प्रयोग झाला. काँग्रेसचें अधिवेशन प्रथमच एका खेड्याच्या जागीं, फैजपूर येथें, २७ व २८ डिसेंबर रोजीं भरलें. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. जागेस टिळकनगर असें नांव दिलें होतें. शहरांतून मोठमोठे डेरे आणि शामियाने भाड्यानें आणणें सोपें होतें. पण जें उभारावयाचें, तें आसपास मिळणाऱ्या वस्तूंचें आणि गांवच्या कारागिरांच्या हातचें असावें, असा महात्मा गांधींचा आग्रह होता. रचनेचें काम शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांजकडे होतें. सातपुड्याच्या कुशींत बांबूस तोटा नाहीं. बांबू आणि तट्ट्या यांतून कमानी, मंडप आणि कुटी उभ्या राहिल्या. दूरच्या लष्करी डेऱ्यांचा थाट तेथें नव्हता. पण ज्या हातांनीं तें उभारलें, त्यांस त्याचें श्रेय होतें. त्याच अधिवेशनांत शेतकऱ्यांविषयींचा जो कार्यक्रम मंजूर झाला, त्यांत वेठबिगार बंद व्हावी, ही मागणीही होती. तीनशें वर्षें ज्या वाटेवरून पेशखाने गेले, त्या वाटेशेजारीं हा ठराव व्हावा, हें इतिहासाच्या दृष्टीनें उचित झालें.

पाल अजून गेलेलें नाहीं. साक्री तालुक्याकडचीं ठेलारी मेंढपाळ कुटुंबें पावसाळा संपल्यावर मेंढरें घेऊन चराईस बाहेर पडतात. घोड्यावर भांडीं, घोंगड्या, कोंबड्या आणि वर एखादें लहान मूल. संध्याकाळीं घोड्यावरून जें उतरतें, त्यांतच घर मावलेलें असतें. त्यांच्या दृष्टीनें ही सहल नव्हे, संसार आहे. त्यास पाहून हळहळणें सोपें आहे, आणि त्यापासून शिकणें त्याहून उपयोगाचें आहे. किती थोड्यांत भागतें, हें त्यांना ठाऊक असतें. आणि ज्याला हें ठाऊक असतें, त्याला आपलें ओझें दुसऱ्यावर टाकावें लागत नाहीं.

आज दुकानांत मिळणारा चार माणसांचा तंबू कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा असतो, त्याच्या काठ्या हलक्या धातूच्या असतात, आणि सबंध तंबूचें वजन बहुधा दहा किलोंच्या आंत भरतें. अकबराच्या फरासांस तें जादूसारखें वाटलें असतें. इतिहासांत प्रथमच एखाद्या सामान्य कुटुंबास आपलें घर खरोखर आपल्याच पाठीवर नेतां येतें आहे. अशा वेळीं निवड करतांना जुन्या वाटेचे धडे पुरेसे आहेत : छत दुहेरी, वारा खेळता, मेख लांब, जागा उंच, आणि या सर्वांच्या आधीं तंबू हातांत उचलून पाहावा. घरांतील माणसांनीं आळीपाळीनें तो मैलभर नेला आणि कोणी कुरकुरलें नाहीं, तर तो तंबू त्या कुटुंबाचा. त्यास हमाल शोधावा लागला, तर तो कितीही सुंदर असला तरी पेशखान्याचा अवशेष समजावा. विंचवाची म्हण मनुष्यास लागू होण्यास तीनशें वर्षें लागलीं. ती आतां खोटी पाडण्याचें कारण नाहीं.